आईची रिकामी बरणी

औषध आलं म्हणून तुम्ही टीव्हीवर हसलात, साहेब, आणि ते द्यायला माणसं नाहीत, यंत्रं नाहीत, पेशंटला बसवायला खुर्च्या नाहीत, हे तुम्हाला हसतानाही माहीत होतं.

आरोग्यमंत्र्यांना एवढं लिहून ताई थांबली. फॉर्मची मागची बाजू कोरी होती, म्हणून राग तिथे उतरला. पुढच्या बाजूला आईचं वय, वजन, जुनी दुखणी, चालू गोळ्या, सगळं भरून झालं होतं. अकरावा प्रश्न तेवढा मोकळा होता. लक्षणं प्रथम कधी दिसली? आणि त्याखाली दोन नातेवाइकांच्या सह्या.

त्या एका ओळीसाठी सुट्टीच्या दिवशी शटर खाली ओढून चौघं मागच्या खोलीत बसले होते. पुढे चष्म्यांचं दुकान, मागे भिंगं कापायची ही लांबट खोली. घासायचं चाक, त्यावर थेंब थेंब पाणी सोडणारी बाटली, नंबर तपासायचं पितळी यंत्र, आणि फळीवर ओळीने चार काचेच्या बरण्या. ताई तीस वर्षं चाकावर बसत होती. धाकटा भाऊ पुढे गिऱ्हाइकं सांभाळायचा. अर्धं दुकान त्याच्या जिभेवर चालायचं. त्याची बायको, ताईची वहिनी, फ्रेम्स बसवायची आणि दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायची. चौथा म्हणजे मामा, आईचा पाठचा भाऊ. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं फॉर्म तपासून निवृत्त झालेला. दुकानाच्या वाटणीनंतर दोन वर्षं त्याने ताईचं तोंड पाहिलं नव्हतं. आज हाक मारताच आला, आणि येताना खिशाला स्वतःचं पेन लावून आला.

आई पुढे शोकेस पुसत होती. तिला मुद्दामच पुढे ठेवलं होतं.

"चारला सिस्टरला कळवायचंय," ताई म्हणाली. "अडीच वाजले."

सिस्टर म्हणजे मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची. पाटीवर 'स्मृती विभाग' असं लिहिलेलं असलं तरी विभाग म्हणजे ती एकटीच. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. अजून भिंतीला फळ्या आहेत. त्या फळ्यांखाली सलाइन लावायच्या तीन खुर्च्या. डॉक्टर आठवड्यातून दोन सकाळी येणार, मेंदूचा स्कॅन काढायचं यंत्र दोन सकाळी मिळणार. आणि औषध असं की ते गेलेलं काही परत आणत नाही, नुसती घसरण मंद करतं. आजार कोवळा असतानाच सुरू करावं लागतं. दर पंधरवड्याला सलाइनमधून द्यायचं, आधी स्कॅन, मधे मधे पुन्हा स्कॅन, कारण एखाद्याच्या मेंदूला सूज येते, रक्तही येतं. ज्या दिवशी बातमी झाली त्या दिवसापासून त्या चादरींच्या खोलीतला फोन वाजायचा थांबला नव्हता, आणि प्रत्येक फोन त्या बाईने उचलला होता. ताईने तिला उभ्याने डबा खाताना पाहिलं होतं, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात कोणाच्या तरी आजोबांची नाडी. तिने रांग आल्या नंबराने लावलीच नव्हती. भिंतीवर पुठ्ठा होता, त्यावर चिठ्ठ्या टोचलेल्या. जो सगळ्यांत आधी हातचा निसटेल त्याची चिठ्ठी सगळ्यांत वर. अशी रांग लावायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. उलट त्यासाठी तिला दोनदा लेखी खुलासा द्यावा लागला होता.

स्मरणशक्तीच्या तपासणीत तीसपैकी बावीसच्या खाली गुण गेले की औषध मिळत नाही. आईला पाच आठवड्यांपूर्वी चोवीस मिळाले होते. स्कॅनचा नंबर लागणार होता अकरा महिन्यांनी. तोवर किती गुण उरतील, ही वजाबाकी घरात सगळ्यांनी आपापली केली होती आणि कोणी कोणाला सांगितली नव्हती.

मग आज सकाळी अकराला सिस्टरने स्वतःच्या घरून फोन केला. दोन तासांच्या अंतरावरच्या रुग्णालयात उद्या साडेनऊचा एक स्कॅन रिकामा झाला होता. नावं चारच्या आत पाठवायची. फक्त एक अट होती. लक्षणं दोन वर्षांच्या आतली असली तरच नाव जाणार.

"औषधाला असं दोन वर्षांचं काही असतं का हो?" ताईने विचारलं होतं.

"औषधाला नसतं," सिस्टर म्हणाली होती. "यंत्रं कमी आहेत. कोणाला तरी गाळायला हवं, म्हणून वरून आकडा आलाय."

मामाने फॉर्म स्वतःकडे ओढला. "आठ महिने लिही."

"मामा."

"काय मामा? पस्तीस वर्षं हेच केलंय. फॉर्मला खरं लागत नाही, पूर्ण लागतं. रकाना भरलेला दिसला की कारकून पुढे सरकवतो."

"मला मान्य आहे," धाकटा म्हणाला. "आठ छान आकडा आहे. सहा म्हटलं तर घाई वाटते, दहा म्हटलं तर विचारतात की इतके दिवस काय झोपला होतात."

"झोपलोच होतो," वहिनी म्हणाली.

तिचं हे दिवसातलं पहिलं वाक्य. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ताईने नाही पाहिलं. ती बरण्यांकडे पाहत होती.

या घरात दोन नियम होते, आजोबांनी घातलेले. ज्याने भिंग कापलं त्याने ते तपासायचं नाही. दुसऱ्या हाताने तपासायचं. आणि बिघडलेलं भिंग फेकायचं नाही. त्यावर तारीख लिहून ते बिघडवणाऱ्याच्या बरणीत टाकायचं, सगळ्यांना दिसेल असं. आजोबा गेले, बाबा गेले, काकांनी कोपऱ्यावरचं दुकान वेगळं केलं, पण बरण्या राहिल्या. आईची बरणी कायम रिकामी. पाहुण्यांना दाखवायची गोष्ट होती ती.

सव्वादोन वर्षांपूर्वी एका बसचालकाच्या चष्म्याचं भिंग वहिनीच्या हातात आलं. भिंगाचा कोन शंभर अंशांचा हवा, आईने दहावर धरला होता. असं भिंग घालून माणूस रस्त्यावर आला तर समोरचा खांब तिरका दिसेल. वहिनीने ते यंत्रावर दोनदा पाहिलं आणि गुपचूप ताईकडे आणलं. "आईंना सांगूया का?" ताईने भिंगावर तारीख लिहिली आणि ते स्वतःच्या बरणीत टाकलं.

मग ती पद्धतच पडून गेली. आईचं बिघडलं की ताईच्या बरणीत. ताईची फार भरायला लागली तेव्हा वहिनीच्या, मग धाकट्याच्या. गिऱ्हाइकाकडे एकही चुकीचं भिंग गेलं नाही, दुसरा हात चोख होता. आणि आईची बरणी रोज घासूनपुसून फळीवर जात होती, अगदी लख्ख.

"मी तेव्हाच विचारलं होतं, ताई," वहिनी म्हणाली. "तुम्ही गप्प राहिलात, मग मीही राहिले. त्या वेळी डॉक्टरकडे गेलो असतो तर आज आठ महिने लिहायचे की दोन वर्षं, हा प्रश्नच आला नसता."

"त्या वेळी औषध तरी कुठे होतं?" धाकटा म्हणाला.

"तुमचं काम बोलण्याचं, तुम्ही बोला. पण मी खोट्यावर सही करणार नाही. त्या औषधाने मेंदूत रक्त येऊ शकतं. डॉक्टर किती जपून द्यायचं ते कशावरून ठरवणार? आपण सांगू त्यावरूनच ना?"

"आणि नाव कटलं तर?" मामा म्हणाला. "तुझं तत्त्व राहील गं. माझी बहीण राहायची नाही."

"माझी सासू आहे ती. बावीस वर्षं तिच्या शेजारच्या स्टुलावर बसतेय मी. तुम्ही दोन वर्षांनी आज आलात."

मामाने पेनाचं टोपण लावलं, काढलं. धाकट्याला हसावं की बायकोची बाजू घ्यावी हे कळेना. त्याने शेवटी स्टूल उचललं आणि बायकोच्या बाजूला जाऊन बसला.

"अरे, तू आत्ता आठ म्हणालास ना?" मामा म्हणाला.

"म्हणालो. पण हिला ओरडताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतोय. काहीतरी असणार त्यात."

आता सगळे ताईकडे पाहत होते. एक सही मामाची, आठ महिन्यांवर, तयार. दुसरी तिची. तिला खोटं लिहायचं होतं. अगदी खरं सांगायचं तर फॉर्म हातात आला तेव्हाच तिने मनात आठ लिहून टाकले होते.

"शटर ओढलंय ना रे?" दारातून आईचा आवाज आला.

"ओढलंय, आई," धाकटा म्हणाला. हा प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा आला होता.

आई आत आली. हातातलं फडकं तिने खुंटीला अडकवलं, टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला नीट पाहिलं. "मला पुढे बसवून मागे माझं बारसं चाललंय का?"

 आईने फॉर्म उचलला. डोळ्यांवर चष्मा चढवला, अकरावा प्रश्न वाचला, मग पहिल्यापासून सगळा वाचला. सावकाश. बोट ओळीखाली धरून, जसं पूर्वी कधी धरत नव्हती.

"कितीवर अडलंय?"

"मामा म्हणतो आठ महिने," ताई म्हणाली.

"आणि तू?"

ताई फळीवरच्या बरण्यांकडे पाहत राहिली.

आईने फळीवरून ताईची बरणी काढली. टेबलावर मखमली फडकं पसरलं आणि बरणी हळूच कलंडवली. भिंगं घरंगळून पसरली, काही जाड, काही पातळ, प्रत्येकावर तारीख. तिने एक उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. "हे तुझं." बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. अंगठा फिरवला. "हे माझं." तिसरं. "माझं." चौथं. "तुझं. हे फार घाईत कापलंयस, त्या दिवशी भांडण झालं होतं का कोणाशी?"

"आई, तुला कसं…"

"चाळीस वर्षं त्या चाकावर भिंग टेकवतेय. माझा अंगठा डावीकडे जास्त दाबतो, कड तिकडे बसकी येते. तुझे आजेसासरे… नाही, माझे सासरे," ती थांबली, शब्द जागेवर बसवले, "माझे सासरे त्यावरून मला रोज बोलायचे. माझी कड मला ओळखू येणार नाही?"

मग तिने वहिनीची बरणी कलंडवली. मग धाकट्याची. त्या बरणीवर मात्र तिला हसू आलं. "आणि हे पाहा. छोट्या वर्षातून चार भिंगं कापतो. ह्याच्या बरणीत नऊ बिघडलेली. एवढा नालायक तर माझा मुलगा नाही."

"धन्यवाद," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"ही बरणी भरायला लागली तेव्हा कळलं मला. वर्ष झालं असेल."

"मग बोलली का नाहीस, अक्का?" मामाचा आवाज एकदम लहान झाला.

"मला वाटलं, ही तिघं सांगतील. मी रोज बरणी घासून ठेवायची. म्हटलं, आज कोणीतरी माझं माझ्या बरणीत टाकेल." तिने ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, त्यामुळेच ताईला ती सहन होईना. "माझी चूकसुद्धा माझी राहू दिली नाहीत गं."

ती मोजायला बसली. आपली भिंगं एका रांगेत लावत गेली, तारखांप्रमाणे. एक, दोन, तीन. एकोणिसावर तिचं बोट हवेत राहिलं. ओठ हलले, आकडा आला नाही. ताईच्या जिभेवर 'वीस' होता. धाकटा पुढे झुकला होता. वहिनीने टेबलाखालून नवऱ्याचा हात दाबला आणि ताईने ओठ घट्ट मिटले. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत आईच्या वतीने कोणी काही केलं नाही.

आईने रांग पुन्हा पहिल्या भिंगापासून धरली. या वेळी प्रत्येक भिंगाला बोट लावून, आवाजात. मधे कुठेही न अडखळता ती शेवटाला पोचली.

"एकतीस. पहिल्या वर्षात नऊ. दुसऱ्यात चौदा. आणि हे शेवटचे तीन महिने, त्यात आठ." तिने चष्मा काढला. "वाढतंय. माझ्याच हाताने वाढतंय, दिसतंय मला. लिही, सव्वादोन वर्षं."

"नाव कटेल, आई."

"कटू दे. चुकीच्या नंबरचा चष्मा मी या दुकानातून बाहेर जाऊ दिला नाही. आता मी स्वतःच चुकीचा नंबर घेऊन त्या यंत्राखाली झोपू?"

मामा उठला. खोलीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. पेन काढलं, आणि ताईने 'सव्वादोन वर्षं' लिहिल्यावर त्याच्याखाली पहिली सही त्याने केली. सरकारी सही, लांबलचक, खाली दोन टिंबं. "असू दे," तो पुटपुटला. "पस्तीस वर्षांत एक खरा फॉर्म तरी हातून जाऊ दे."

दुसरी सही ताईने केली.

तीन चाळीसला तिने फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. बरण्यांपासून.  पलीकडून कागदाचा आवाज आला.

"पुन्हा सांगा," सिस्टर म्हणाली. "पहिली तारीख कोणती?"

ताईने सांगितली. मग दुसरी, तिसरी. आई एकेक भिंग उजेडात धरून वाचत होती, ताई फोनमध्ये बोलत होती, सिस्टर लिहीत होती. एकतीसच्या एकतीस. एकदाही तिने 'पुरे' म्हटलं नाही.

"माझ्याकडे सगळे येतात आणि म्हणतात, अलीकडेच, थोडंसं," ती शेवटी म्हणाली. "मोजून कोणी आणलं नव्हतं आजवर. ऐका, मी काय करते. यादीत तुमचं नाव सव्वादोन वर्षांसकटच लिहिते. शेजारी लाल शाईत हे आकडे. शेवटचे तीन महिने वेगळे. खाली माझी सही. नियमाने हे नाव बाद आहे. पण मी ते खोडणार नाही. ज्याला खोडायचं असेल त्याने स्वतःच्या हाताने खोडावं आणि शेजारी सही करावी."

"तुम्हाला पुन्हा खुलासा द्यावा लागेल."

"दोन दिलेत, तिसरा देईन. तुम्ही साडेनऊला पोचा. नाव राहिलंय की गेलंय, ते दारातच कळेल. एवढंच माझ्या हातात आहे, ताई."

तिच्या हातात तेवढंच होतं, आणि तेवढ्यातलं तिने काहीच मागे ठेवलं नव्हतं. ताईने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की त्या बाईलाही सुट्टी होती आज.

आईने तोवर भिंगं उचलली होती. स्वतःची बरणी खाली घेतली होती, ती लख्ख, रिकामी, आणि एकेक भिंग तिच्यात सोडत होती. काचेवर काच पडल्याचा बारीक आवाज येत होता. एकतिसावं पडल्यावर तिने झाकण लावलं. "ही उद्या माझ्या मांडीवर असेल. डॉक्टरला दाखवायची."

मग तिने फॉर्म उलटला. मागच्या कोऱ्या बाजूवरची ताईची ओळ वाचली. साहेबांना उद्देशून लिहिलेली.

"अर्धवट का ठेवलंयस?"

"राग आला होता."

"आता गेला का?"

"नाही."

"मग पुरं कर. फॉर्मवर नको, वेगळ्या कागदावर."

"आणि नुसतं पत्र पाठवू नकोस," मामा म्हणाला. खुर्ची ओढून तो आता ताईच्या अगदी खांद्याशी बसला होता. "आवक क्रमांक घ्यायचा. पोच घ्यायची. क्रमांक पडला की कागद गिळता येत नाही त्यांना. मी जातीने नेऊन देतो. त्या खिडकीवरची माणसं मला अजून घाबरतात."

"घाबरतात की लपतात?" धाकट्याने विचारलं.

"काहीही असो. दोन्ही चालेल."

ताईने लिहिलं. वहिनीने दोन ठिकाणी शब्द सुचवला. लिहून झाल्यावर ताईने कागद आईपुढे सरकवला, कारण लिहिणाऱ्याने तपासायचं नव्हतं. आईने बोट ओळीखाली धरलं. एका जागी थांबली. "'विनंती' काढ," ती म्हणाली. ताईने 'विनंती' खोडली, आणि पत्र असं राहिलं:

साहेब, औषध आलं म्हणून तुम्ही टीव्हीवर हसलात, आणि ते द्यायला माणसं नाहीत, यंत्रं नाहीत, पेशंटला बसवायला खुर्च्या नाहीत, हे तुम्हाला हसतानाही माहीत होतं. माणसं कमी पडली म्हणून तुम्ही आजाऱ्यांनाच गाळायचा आकडा काढलात. एक बाई चादरींच्या खोलीत तुमचं सगळं खातं एकटी चालवते आहे, आणि तुम्ही तिच्याकडूनच खुलासे मागता. आम्ही चष्मे करतो. आमच्याकडे एका भिंगाच्या कापणीवरही दुसरा हात फिरतो, आणि बिघडलेलं भिंग ज्याचं त्याच्या बरणीत, सगळ्यांना दिसेल असं राहतं. आमची एकतीस भिंगं आम्ही उद्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन जात आहोत. तुम्ही घोषणा केलीत, तेव्हा यंत्रं किती, सिस्टर किती, खुर्च्या किती, हे मोजून तुमचं काम दुसऱ्या कोणत्या हाताने तपासलं होतं? त्या माणसाचं नाव आणि हुद्दा लिहून कळवा. आणि तुमची बरणी कुठे आहे, तेही कळवा. उत्तर सहीनिशी हवं.